केस गळायला लागले की आधी काय बघायचं, आणि डॉक्टरकडे कधी जायचं

डोकं धुवून झालं की मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता बसलेला असतो. तो बोटाने उचलताना पोटात गोळा येतो, इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. पुढे दोन वाटा फुटतात. एकीवर आधी एक तेल, मग दुसरं तेल, मग शाम्पू, मग गोळ्या. दुसरीवर "आमच्या घराण्यातच टक्कल आहे, काय करणार" म्हणत हात झटकणं. दोन्हीकडे केस का गळतायत ते बघायचं तेवढं राहून जातं.

मी पहिल्या वाटेने गेलेय. डेंग्यूतून उठले, कामाला लागले आणि अडीच महिन्यांनी केस मुठीने यायला लागले. ताप तोवर विसरलाही होता. पाच महिन्यांत तीन तेलं झाली. तिसऱ्या तेलावर गळती थांबली आणि मी चार ठिकाणी त्या तेलाचे गोडवे गायले. पुढे भलत्याच कारणासाठी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले असताना हा विषय निघाला. त्यांनी तारखा विचारल्या आणि हसले. तापानंतरची गळती तशीही काही महिन्यांत आपणहून थांबते. ती थांबते तेव्हा जी बाटली हातात असेल, तिला श्रेय मिळतं.

तेव्हापासून कुणी केसांचं रडगाणं घेऊन आलं की किती गळतात हे मी विचारतच नाही. कुठून जातायत, कधीपासून, आणि खालची कातडी कशी दिसते, एवढं विचारते. घाई करायची की थांबून बघायचं, हे बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

केसाचं स्वतःचं वेळापत्रक

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. २ ते ६ वर्षं तो वाढतो. मग दोन-तीन आठवडे आवराआवर चालते. त्यानंतर साधारण ३ महिने तो नुसता बसून राहतो, आणि शेवटी सुटून पडतो. त्याच जागेतून नवा केस वर येतो. कुठल्याही दिवशी १०० पैकी ८५ ते ९० केस वाढत असतात आणि उरलेले बहुतेक बसून असतात. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणं ही रोजची उलाढाल आहे.

मोजत बसू नका. दोन-चार दिवसांनी डोकं धुणाऱ्याच्या जाळीवर दोन-चार दिवसांचे सुटलेले केस एकदम जमा होतात. लांब केसांचे साठ केस मूठभर दिसतात, आखूड केसांचे साठ केस दिसतही नाहीत. तुलना करायची ती स्वतःच्याच नेहमीच्या गळतीशी.

या वेळापत्रकातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ते ३ महिने. शरीराला मोठा धक्का बसला की वाढणारे बरेच केस एकदम बसून घेतात, पण पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. म्हणून आज गळणाऱ्या केसाचं कारण आजच्या शाम्पूत शोधून सापडत नाही. उपचारांचंही तसंच. केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो, तेव्हा पंधरा दिवसांत फरक दाखवण्याची हमी देणारा माणूस एक तर केसांबद्दल अनभिज्ञ आहे किंवा तुम्हाला तसं समजतो.

पहिली पायरी: गळतोय की तुटतोय

फणीत आलेले दहा-बारा केस घ्या. काळे केस असतील तर पांढऱ्या कागदावर, पांढरे असतील तर गडद कागदावर एकेक सरळ करून ठेवा आणि दोन्ही टोकं बघा. एका टोकाला मोहरीहून कितीतरी बारीक, पांढुरका मणी दिसला तर तो केस मुळापासून सुटून आलाय. हा मणी बघून लोक घाबरतात, "मूळच उपटून आलं" म्हणतात. ते मूळ नव्हे. आयुष्य संपलेल्या केसाची ती खालची गाठ असते. नवा केस जिथून यायचा ती जागा कातडीत शाबूत असते.

दोन्ही टोकांना मणी नाही, तुकडे लहानमोठे आहेत, टोकं बोथट किंवा फाटलेली आहेत, तर केस मधेच तुटतायत. याला सहसा औषध लागत नाही. ब्लीच, सरळ करण्याची रसायनं, तापलेली मशीन आणि ओल्या केसांत घातलेली बारीक दातांची फणी, यातलं काय चाललंय ते बघा आणि दोन-तीन महिने बंद ठेवा. केस ओला असताना जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. गुंता खालच्या टोकापासून वर सोडवत जा. तेलाचा खरा उपयोग इथेच आहे. केसावर तेल असलं की घर्षण कमी होतं, केस कमी तुटतो. मुळातून होणारी गळती मात्र तेलाने थांबत नाही.

दुसरी पायरी: कुठून जातायत

फोन घ्या आणि उजेडात चार फोटो काढा: कपाळावरची केसांची रेषा, दोन्ही कानशिलं, डोक्याच्या मधोमध पाडलेला भांग, आणि टाळूवरचा भोवरा. केस कोरडे असू द्या. तारीख राहील अशा जागी जपून ठेवा. आरशावर विश्वास ठेवू नका, आरसा रोज थोडं थोडं खोटं बोलतो. दर दोन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात काढलेला फोटो बरोबर काय ते सांगतो.

आता भांगाची एक सोपी पारख करा. पुढच्या बाजूला माथ्यावर भांग पाडा, मग तसाच डोक्याच्या मागच्या बाजूला पाडा. पुढचा भांग मागच्यापेक्षा स्पष्ट रुंद दिसत असेल तर आनुवंशिक विरळपणाचा संशय घ्यायला जागा आहे. दोन्हीकडे सारखंच विरळ वाटत असेल, तर अख्ख्या डोक्यावरून चाललेली गळती आहे, आणि तिची कारणं बहुधा डोक्याबाहेर असतात: ताप, रक्तातलं लोह, थायरॉइड.

पुरुषांत आनुवंशिक टक्कल कानशिलांपाशी मागे सरकतं आणि भोवऱ्यापाशी उघडं पडतं. बायकांत कपाळावरची रेषा बहुधा जागेवर राहते आणि भांग रुंद होत जातो, त्यामुळे बराच काळ कुणाच्या लक्षात येत नाही. दोघांतही केस एकदम जात नाहीत. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी नावाच्या संप्रेरकाला ज्यांची केसांची मुळं हळवी असतात, त्यांच्यात प्रत्येक फेरीला केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी लवेसारखा होतो. बायकांच्या बाबतीत संप्रेरकांचा वाटा दरवेळी एवढा स्पष्ट दिसत नाही, पण बारीक होत जाण्याची रीत तीच. जाळीवर फारसे केस नसतानाही डोकं विरळ होत असेल तर हेच चाललेलं असण्याची शक्यता जास्त. आणि हे फक्त आईकडून येतं ही ऐकीव गोष्ट आहे. दोन्ही घराण्यांचा वाटा असतो.

नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अचानक दिसला तर ती चाई. कीड लागली असं म्हणतात, पण कीड वगैरे काही नसते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. चट्ट्याच्या काठावर तुटके, खाली निमुळते आणि वर जाड असे उद्गारचिन्हासारखे केस दिसतात. कधी नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. दाढी, भुवया, पापण्या कुठेही चाई पडू शकते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपले आपण भरतात. म्हणून चट्ट्यावर जळजळीत काहीबाही चोळून कातडी भाजून घेण्यात अर्थ नाही. मात्र चट्टे वाढत असतील किंवा भुवयांपर्यंत पोचले असतील तर थांबू नये.

फक्त कडेचे केस, म्हणजे कपाळ आणि कानशिलांलगतचे, कमी होत असतील तर केस बांधता कसे ते बघा. घट्ट अंबाडा, घट्ट शेपटी, बारीक घट्ट वेण्या, जोडलेले कृत्रिम केस यांचा रोजचा ताण मुळांना सोसत नाही. केस बांधल्यावर कपाळ दुखत असेल, मुळांशी बारीक पुरळ येत असेल, तर ताण जास्त होतोय. सुरुवातीला सैल बांधलं की केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं की ती जागा कायमची ओसाड होते.

वेड्यावाकड्या आकाराचा, आत वेगवेगळ्या लांबीचे खुंट असलेला चट्टा हे बरेचदा नकळत केस उपटण्याच्या सवयीचं लक्षण असतं. मुलांमध्ये दिसतं, मोठ्यांमध्येही. रागावून ही सवय सुटत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने बऱ्याच जणांची आटोक्यात येते.

तिसरी पायरी: तीन महिने मागे जा

गळती सुरू झाली त्या महिन्यापासून मागे दोन-चार महिने काय काय झालं ते कागदावर लिहा. मोठा ताप: डेंग्यू, टायफॉइड, कोविड. शस्त्रक्रिया. अपघात. जवळच्या कुणाचा मृत्यू. झपाट्याने उतरवलेलं वजन. गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं. नवं सुरू केलेलं औषध. यातलं काही सापडलं आणि गळती अख्ख्या डोक्यावरून असेल, तर निम्मं कोडं सुटलं.

बाळंतपण तर ठरलेलं कारण. गरोदरपणात वाढणारे केस वाढतच राहतात, म्हणून तेव्हा केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम बसून घेतात आणि बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ओंजळीने गळतात. स्तनपानामुळे गळतात, बाळ हुंकार द्यायला लागलं की गळतात, असं काहीही ऐकायला मिळतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. वर्ष उलटूनही भरले नाहीत तर मात्र रक्त तपासून घ्यावं, कारण याच काळात लोह कमी असण्याचा आणि थायरॉइड बिघडण्याचा संभव असतो.

औषधांची यादी लांब आहे: रक्त पातळ करणारी, फेफऱ्यासाठीचं व्हॅल्प्रोएट, लिथियम, रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर गटातली काही औषधं, मुरुमांसाठीच्या रेटिनॉइड गोळ्या. संशय आला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. फेफऱ्याची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी केसांपायी सोडली तर जिवावर बेतू शकतं. ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांनाच पर्याय विचारा. कॅन्सरच्या केमोथेरपीचा प्रकार वेगळा आहे. तिथे वाढणाऱ्या केसांवरच घाव बसतो, म्हणून तीन महिने न लागता दोन-तीन आठवड्यांतच केस जातात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, कधी सुरुवातीला वेगळ्या पोताचे. काही औषधांच्या वेळी डोकं थंड ठेवणारी टोपी वापरून गळती कमी करता येते. पहिल्या डोसच्या आधीच विचारावं लागतं.

चौथी पायरी: कातडी बघा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. घरातल्या कुणाला तरी उजेडात केस बाजूला करून खालची कातडी बघायला सांगा.

साधा कोंडा, थोडी खाज, तेलकट पिवळसर खपल्या असतील तर फारसं बिघडलेलं नाही. कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा. लावल्या लावल्या धुतला तर शाम्पू वाया.

लहान मुलाच्या डोक्यात खवले असलेला चट्टा, त्यात केस कातडीलगत तुटून काळे ठिपके उरलेले, मानेमागे गाठी, असं दिसलं तर तो डोक्यातला नायटा असण्याची दाट शक्यता आहे. इथे मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. पोटातून काही आठवडे औषध घ्यावं लागतं. घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम तर अजिबात लावू नका: लाली आणि खाज कमी होते, आत बुरशी वाढत राहते. चट्टा सुजून मऊ, पू भरल्यासारखा झाला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, नाहीतर तिथे कायमचा व्रण राहू शकतो. फण्या, टोप्या, उशांचे अभ्रे वेगळे करा, घरातल्या इतर मुलांची आणि पाळीव प्राण्यांचीही तपासणी करून घ्या.

आता सर्वांत गंभीर प्रकार. निरोगी डोक्यावर केस गेलेल्या जागीसुद्धा कातडीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. ती छिद्रंच नाहीशी झाली असतील, कातडी ताणलेल्या कागदासारखी चकचकीत दिसत असेल, काठाला लाली आणि मुळांभोवती खवले असतील, आग होत असेल, हात लावल्यावर दुखत असेल, तर केसांची मुळं कायमची नष्ट करून जागी व्रण ठेवणारे आजार डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. लायकेन प्लॅनोपिलॅरिस किंवा डिस्कॉइड ल्युपस ही त्यातली नावं. पाळी गेलेल्या बायकांत कपाळाची रेषा सरळ मागे सरकत जाते आणि सोबत भुवया विरळ होतात, तोही याच कुळातला आजार. इथे गेलेला केस परत येत नाही. औषधं असतात ती उरलेले केस वाचवण्यासाठी. म्हणजे दर महिन्याच्या उशिराची किंमत कायमची मोजावी लागते, आणि नेमके हेच लोक "कोंडा असेल" म्हणत वर्षभर शाम्पू बदलत बसतात.

थांबायचं की जायचं

गळती अख्ख्या डोक्यावरून आहे, दोन-चार महिन्यांपूर्वीचं ठोस कारण सापडलंय, कातडी स्वच्छ आहे, आणि बाकी प्रकृती बरी आहे. असं असेल तर निर्धास्तपणे थांबा. अशा गळतीने टक्कल पडत नाही, कितीही केस आले तरी. सहा महिने झाले आणि ओघ कमी झाला नाही, तर जा.

पुढच्यापैकी काहीही असेल तर वाट बघू नका:

डोक्यात आग, दुखणं, पू, किंवा छिद्रं नसलेली चकचकीत कातडी.
लहान मुलाच्या डोक्यात कुठलाही चट्टा.
झपाट्याने पसरणारे गोल चट्टे, भुवया-पापण्या जाणं.
केसगळतीसोबत अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस, मुरुमं. ही पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, खूण असू शकते. आवाज घोगरा होऊ लागला तर आणखी लवकर जा.
केसगळतीसोबत सांधेदुखी, तोंडात फोड, उन्हात गालांवर येणारं लाल पुरळ. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात, असं होतं.
कारण नसताना वजनात बदल, धडधड किंवा कमालीचा थकवा, थंडी सहन न होणं.
कुरतडल्यासारखे ठिकठिकाणी विरळ झालेले केस, विशेषतः आधी अंगावर पुरळ येऊन गेलं असेल तर. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगात असं दिसतं. तपासणी एका रक्तचाचणीची, आणि वेळेत सापडला तर पेनिसिलिनने बरा होतो. लाजेखातर लपवू नका.

हळूहळू पडणाऱ्या आनुवंशिक टकलाची निकड नसते, पण एक व्यवहार समजून घ्या. आज उपलब्ध असलेली औषधं आहे ते टिकवण्यात पटाईत आहेत, गेलेलं परत आणण्यात कमी. उपचार करायचेच असतील तर भांग रुंद व्हायला लागल्यावर गेलेलं बरं, टाळू उघडी पडल्यावर नव्हे. आणि करायचेच नसतील, तर तोही चांगला निर्णय आहे. टक्कल हा आजार नव्हे.

डॉक्टरकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. "हेअर कन्सल्टंट" अशी पाटी लावून बसलेला माणूस डॉक्टर आहे का ते आधी विचारा. तपासण्याआधीच पॅकेजचा कागद पुढे आला तर उठा. पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा: माझं निदान काय? नाव सांगता आलं पाहिजे.

त्या दिवशी डोक्याला तेल नको, विरळपणा झाकणारी पावडर नको, घट्ट बांधलेले केस नकोत. फोटो, तिसऱ्या पायरीचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट बरोबर घ्या. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतील आणि किती हातात आले ते बघतील. भिंगाच्या छोट्या उपकरणाने कातडी बघतील. त्यात बारीक झालेले केस, उद्गारचिन्हं, बुजलेली छिद्रं लगेच ओळखू येतात. बहुतेक निदानं इथेच होतात. व्रणाचा संशय असेल तर बायोप्सी: जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो. नाव ऐकून दचकू नका, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

रक्ताच्या चाचण्या थोड्याच लागतात: हिमोग्लोबिनसह रक्तगणना, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, गरजेनुसार बी१२ आणि ड जीवनसत्त्व. पाळी अनियमित असेल तर संप्रेरकांच्या. पन्नास चाचण्यांची चळत लागत नाही. फेरिटिनबद्दल एक बारकावा आहे. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनवरून कळतो. पण नुकताच ताप किंवा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही, पोटात-आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघावंच लागतं.

केसांसाठी म्हणून घेतात त्या बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेत सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली तसा इशाराच दिला होता. त्यातून बायोटिनची खरी कमतरता फार कमी लोकांत असते. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. केसांसाठी म्हणून तीन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी डब्यांवरचे आकडे एकदा बेरीज करून बघावेत.

उपचारांत काय अपेक्षा ठेवायची

मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावून बघितलं गेलं, आणि १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला मान्यता मिळाली. कोरड्या डोक्यावर, भांग पाडून, कातडीला लावायचं, केसांना नव्हे. प्रमाण डॉक्टर ठरवतील. झोपायच्या निदान दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथे लव वाढते. हात धुवा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, कारण बसून असलेले केस नव्या केसांना जागा करून देत असतात. बहुतेक लोक नेमकं इथेच औषध सोडतात. चार ते सहा महिन्यांशिवाय निकाल कळत नाही, आणि बंद केलं की मिळवलेले केस पुढच्या काही महिन्यांत जातात. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात नको. घरात मांजर असेल तर फार जपा: हे औषध मांजरांना जीवघेणं आहे, सांडलेला थेंब चाटलेलाही पुरतो.

फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी कमी करते. १९९७ साली ती पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात. सुरू करण्याआधी डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोला. पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीच्या वेळी ही गोळी चालू असल्याचं सांगायलाच हवं, कारण तिच्यामुळे तो आकडा साधारण निम्मा दिसतो. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळूही नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो.

चाईच्या चट्ट्यांत चार-सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. तीव्र चाईसाठी २०२२ साली बॅरिसिटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, त्या आधी अशा रुग्णांसाठी खास मान्य झालेलं पोटातलं औषध नव्हतं. ते प्रतिकारशक्तीवर काम करतं, म्हणून आधी संसर्गाच्या तपासण्या आणि नंतर नियमित देखरेख लागते.

पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग काढून डोक्यात टोचणं, याबद्दल मी सावध आहे. काहींना फायदा होतो, पण देण्याची पद्धत जागोजागी वेगळी, त्यामुळे हमी कुणीच देऊ नये.

केसांचं प्रत्यारोपण म्हणजे मागच्या, डीएचटीला न जुमानणाऱ्या केसांची पुढे लागवड. केस नवे तयार होत नाहीत, जागा बदलतात. मागचा साठा मर्यादित असतो. विशीच्या सुरुवातीला, टक्कल अजून सरकत असताना, कपाळाची रेषा भरून घेतली तर पुढे त्या रेषेमागचे केस जातात आणि ती रेषा बेटासारखी उरते. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात, हे आधी सांगितलं नसेल तर माणूस खचतो. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा फुटायला लागतात आणि पुरता परिणाम वर्षभराने दिसतो. चाई किंवा व्रणाचा आजार चालू असताना प्रत्यारोपण करू नये.

बाकी ऐकीव गोष्टी चटकन उरकते. टोपी किंवा हेल्मेटने टक्कल पडत नाही. रोज डोकं धुतल्याने केस जास्त गळत नाहीत. वस्तरा फिरवल्याने केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्याने हाताला राठ लागतं.

आणि परतीची खूण. गळती ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी कपाळालगत आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना पेरभर लांबीचे केस उभे राहतात. फणीला जुमानत नाहीत, पाणी लावून बसवले तरी पाच मिनिटांत परत उठतात. त्यातला एक उजेडासमोर धरून टोक बघा. बोथट असेल तर तो तुटलेला जुना केस. सुईसारखं निमुळतं असेल तर नवा.